व्यसनमुक्ती आणि हातातील फोन

व्यसन सुटणे ही एक गोष्ट आहे आणि सुटलेले व्यसन पुन्हा न लागणे ही दुसरी. लोकव्यवहारात या दोहोंचा नेहमी घोटाळा होतो. एखादा मनुष्य व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून घरी परतला, म्हणजे घरची मंडळी देवापुढे साखर ठेवतात व 'सुटला एकदाचा' असे म्हणून निःश्वास टाकतात. वस्तुतः त्याच्या खऱ्या परीक्षेस त्याच दिवशी प्रारंभ झालेला असतो. केंद्रात दारू नव्हती, जुने सोबती नव्हते, औषध वेळेवर हाती येत होते आणि मन मोकळे करण्यास जाणता मनुष्य समोर होता. गावाच्या स्टँडवर एस.टी. मधून तो उतरतो तेव्हा यांपैकी काहीही त्याच्याबरोबर उतरत नाही. उलट, समोरच्या परमिट रूमची पाटी जागच्या जागी असते आणि 'काय आण्णा, कधी आलात?' असे विचारणारे जुने मित्रही तेथेच उभे असतात.

अशा माणसास सर्वांत कठीण जाते ती संध्याकाळची सातची वेळ. दिवसभराचे काम संपलेले असते, घरी जाण्यास मन घेत नाही, आणि वर्षानुवर्षे ज्या घटकेस शरीरास दारू मिळत आली, त्या घटकेस शरीर ती मागू लागते. या मागणीस आपल्याकडे तलफ म्हणतात. तलफेच्या वेळी त्याच्या जवळ कोण असते? पत्नी असते, परंतु 'आज प्यावेसे वाटते आहे' हे वाक्य तिच्यापाशी उच्चारण्याचे धैर्य होत नाही, कारण ते ऐकताच तिच्या पायांखालची जमीन सरकते. डॉक्टर सातारला किंवा सांगलीला असतात. माण तालुक्यातील दहिवडीहून सातारा किंवा जतहून सांगली हा काही उठून जाण्याचा पल्ला नव्हे. जतचा मनुष्य ऐंशीहून अधिक किलोमीटर ओलांडून येतो तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी बुडालेली असते. त्या घटकेस खरोखर जवळ असतो तो खिशातील स्मार्टफोन. त्या फोनचा व त्यातील अ‍ॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनांचा अशा माणसास काही उपयोग होऊ शकतो काय, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांना दारूविरुद्धच्या लढ्याची परंपरा नवी नाही. सांगली जिल्हा 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने वेगळा झाला व 1960 मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. त्यापूर्वी यातील पुष्कळसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने 1943 ते 1946 या काळात याच मुलखात गावोगावचे दारूचे गुत्ते बंद पाडले. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारू पिण्यास परवाना लागतो हे तत्त्व त्याच कायद्यातले, आणि 'परमिट रूम' या शब्दाचा उगमही तोच. बंदी करण्यासाठी झालेल्या कायद्याने दुकानाच्या पाटीस नाव पुरवावे, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा. अलीकडच्या काळात गावातील स्त्रियांनी मतदान करून दारूचे दुकान बंद करण्याची सोय झाली. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली म्हणजे दुकान उठते.

हे सर्व उपाय दुकानावरचे आहेत. ते अवश्य असावेत. परंतु दुकान उठल्याने पिणाऱ्याची तलफ उठत नाही. तो शेजारच्या गावी जातो. या व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची व पिणाऱ्यास धाक घालण्याऐवजी उपचार देण्याची दृष्टी महाराष्ट्रात रुजली ती पुष्कळ उशिरा. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केले. साताऱ्यास डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1991 मध्ये 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था स्थापली. दाभोलकरांचे नाव अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्याशी इतके जडले आहे, की त्यांच्या या कामाचे अनेकांस विस्मरण होते. जन्माने ते सातारचे. महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात व वैद्यकीय शिक्षण मिरजेस झालेले. 2013 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली. साताऱ्याचे व्यसनमुक्तीचे काम मात्र थांबले नाही. त्यांचे पुत्र, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर, त्या कार्याशी निगडित आहेत.

अशा संस्था आहेत, तथापि त्यांच्या दारापर्यंत येतात किती? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 माणसांपैकी केवळ एकास कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळते. उरलेल्या 37 जणांपैकी कित्येकांस अंतर नडते, कित्येकांस पैसा, आणि बहुतेकांस लाज. केंद्राची पायरी चढताना कोणी पाहिले तर मुलीचे लग्न कसे ठरावयाचे, हा विचार आपल्या समाजात क्षुल्लक नाही. फोनच्या साधनाचा विचार करावा लागतो तो या 37 जणांसाठी, आणि उपचार घेऊन घरी परतलेल्या त्या एकासाठी. या दोहोंच्या गरजा निरनिराळ्या आहेत.

प्रथम परतलेल्याचा विचार करू. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी 'ए-चेस' नावाचे एक साधन तयार केले व त्याची रीतसर परीक्षा घेऊन 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दारूच्या उपचारासाठी निवासी केंद्रात राहून बाहेर पडणाऱ्या 349 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटास नेहमीची देखभाल मिळाली. दुसऱ्यास तिच्या जोडीला आठ महिने हे साधन असलेला फोन मिळाला. त्या फोनात काय होते ते सांगण्यासारखे आहे. मन शांत करणारे ध्वनिमुद्रण होते. आपल्यासारख्याच इतर रुग्णांशी लिहून बोलण्याची सोय होती. आठवड्यातून एकदा प्रकृतीची व मनःस्थितीची विचारपूस होई आणि रुग्णाची संमती असल्यास तिची उत्तरे समुपदेशकास कळत. ज्या ठिकाणी पूर्वी पिणे होत असे त्या ठिकाणाच्या जवळ रुग्ण गेला, तर फोन त्यास सावध करी. आणि एक बटण असे होते, की ते दाबताच मदतीस येण्याचे ज्यांनी कबूल केले आहे त्यांस निरोप जाई.

वर्षभरातील सर्व पाहण्या एकत्र धरता, मागील तीस दिवसांत धोकादायक मद्यपान झाल्याचे दिवस फोनवाल्या गटात सरासरी 1.39 व दुसऱ्या गटात 2.75 भरले. प्रत्येक पाहणीत दारूपासून दूर राहिल्याचे सांगणारे पहिल्या गटात शेकडा 52 च्या सुमारास होते, तर दुसऱ्यात शेकडा 40. ही काही जादू नव्हे. ज्यांच्या हाती फोन होता त्यांतील जवळजवळ निम्मे केव्हा ना केव्हा प्यालेच. परंतु ज्या घरात महिन्याचे तीन वाईट दिवस दीडावर येतात, त्या घरास या अंकांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. त्या साधनातील कामाच्या बहुतेक गोष्टींच्या पलीकडच्या टोकास मनुष्य होता. बटण दाबल्यावर यंत्र काही बोलत नसे, मित्र बोलत असे. विचारपुशीची उत्तरे समुपदेशक वाचीत असे. फोनने केले ते इतकेच, की त्या माणसांना संध्याकाळच्या सात वाजेपर्यंत आणून पोहोचविले.

माणूस वगळून नुसते यंत्र दिले तर काय होते, याचे उदाहरण स्वीडनमधील आहे व ते मोठे बोधप्रद आहे. त्या देशात दारूची किरकोळ विक्री सरकारी मक्त्याच्या दुकानांतून होते. त्या मक्तेदार संस्थेने 'प्रोमिलेकोल' नावाचे एक अ‍ॅप लोकांस दिले होते. किती प्यालो ते त्यात नोंदविले, की रक्तातील मद्याचा अंश किती झाला असेल ते दिसे. विश्वविद्यालयातील 1932 विद्यार्थ्यांवर त्याची व तशाच दुसऱ्या एका अ‍ॅपची परीक्षा झाली आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी अ‍ॅप वापरणाऱ्या तरुण पुरुषांचे पिणे कमी होण्याऐवजी पिण्याचे प्रसंग वाढलेले आढळले! हिशेब कळला म्हणजे माणूस आपोआप सावरतो, ही शिकलेल्या माणसांची लाडकी समजूत आहे. काहींस हिशेब म्हणजे खेळ वाटतो, तर काहींस 'अजून एवढी जागा शिल्लक आहे' अशी मुभा वाटते.

तरीही हिशेबास अगदीच टाकाऊ ठरविता येत नाही. व्यसनाच्या पूर्ण आहारी न गेलेला, परंतु त्या वाटेवर असलेला जो मोठा वर्ग आहे, त्यास आपण किती पितो हेच ठाऊक नसते. 'दोन पेग घेतो' असे सांगणाऱ्याचा पेग घरच्या पेल्यातला असतो. वैद्यकशास्त्रात दहा ग्रॅम शुद्ध मद्यार्क हे एक माप मानतात. व्हिस्की-रमसारख्या दारूच्या 30 मिलिलीटरांत सुमारे तेवढा मद्यार्क असतो. म्हणजे 'चपटी' या नावाने परिचित असलेल्या 180 मिलिलीटरच्या बाटलीत अशी सहा मापे झाली. रोज एक चपटी संपविणारा मनुष्य आठवड्यास 42 मापे घेतो. हा आकडा त्याने स्वतः कधी मांडलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. तीत आठ किंवा अधिक गुण पडले तर पिणे धोक्याच्या पातळीस आले असे समजतात आणि वीस वा अधिक पडले तर बहुधा व्यसन जडले असे धरून तज्ज्ञांकडे जावयाचे असते. हे दहा प्रश्न फोनवर, एकांतात, कोणास तोंड न दाखविता सोडविता येतात. लाजेमुळे अडलेल्या 37 जणांसाठी ही पहिली पायरी ठरू शकते. पहिली पायरी म्हणजे जिना नव्हे, एवढे मात्र ध्यानात असावे.

आपल्या शेजारच्या गोव्यात या बाबतीत झालेले काम महाराष्ट्राने अभ्यासावे असे आहे. तेथील 'संगथ' या संस्थेने असे पाहिले, की मनोविकारतज्ज्ञ सर्वत्र मिळणे शक्य नाही; मग साध्या शिकलेल्या माणसांस थोडे प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले तर? प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवर ही परीक्षा झाली. फार तर चार बैठका. तीन महिन्यांनी पाहता, समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा 36 जणांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा 26 होते. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकाने प्रसिद्ध केले. पुढे त्याच मंडळींनी अशी मदत फोनवरील लघुसंदेशांच्या द्वारा देता येईल काय, याचा प्रयत्न आरंभिला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. माणसाने माणसाशी काय बोलावे हे त्यांनी आधी ठरविले व तपासले. फोन मागाहून आला. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. आधी अ‍ॅप निघते, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्रे येतात, आणि त्यात सांगावयाचे काय याचा विचार शिल्लक राहतो.

भाषेचा प्रश्नही वाटतो तितका किरकोळ नाही. इंग्रजीतून जसेच्या तसे उतरविलेले मराठी वाचताना चांगला शिकलेला मनुष्यही अडखळतो, मग वाळवा-शिराळ्याच्या शेतकऱ्याची काय कथा! पन्नाशीच्या माणसास, ज्यास गावात लहानथोर 'आबा' किंवा 'तात्या' म्हणतात, त्यास फोनने 'आज तू किती प्यायलास?' असे विचारावे, हे त्याच्या मनास लागते. तो उत्तर देत नाही; अ‍ॅप काढून टाकतो. आणि मापांचे काय? परदेशी साधने सिगारेटी मोजतात. महाराष्ट्रात 2016-17 च्या पाहणीप्रमाणे धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा चारांच्या आसपास आहेत, तर धुराविना तंबाखू घेणारे शेकडा 24. तंबाखू-चुन्याचा बार, मावा, सकाळची मशेरी ही मोजावयाची कशी? मशेरी लावणाऱ्या बाईस तर हे व्यसन आहे हेच कोणी सांगितलेले नसते. दात घासणे, एवढीच तिची समजूत. तिच्या हाती स्वतःचा फोन असेलच असेही नाही. घरातील एकच स्मार्टफोन मुलाच्या अभ्यासास व नवऱ्याच्या खिशास पुरत नाही. तिच्यासाठी साधा आवाजी फोन अधिक उपयोगाचा. तंबाखूच्या पाकिटांवर 2018 पासून 1800-11-2356 हा क्रमांक छापला जातो. तो मोफत आहे व पलीकडे बोलणारा समुपदेशक असतो. पाकीट रोज हाताळणाऱ्या किती जणांनी तो क्रमांक वाचला असेल!

आता एक इशारा, व तो स्पष्ट शब्दांत देणे अवश्य आहे. जो मनुष्य कित्येक वर्षे रोज पुष्कळ दारू पीत आला आहे, सकाळी उठताच ज्याचे हात कापतात व घोटभर घेतल्यावरच जे थांबतात, त्याने फोनवरील साधनाच्या भरवशावर एकाएकी दारू बंद करू नये. अशा शरीरास दारू अकस्मात तुटली, तर दोन-तीन दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, नसलेली माणसे व किडे दिसणे असे प्रकार होतात आणि त्यात प्राणही जातो. घरचे लोक 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारा लावीत बसतात व वेळ निघून जाते. या अवस्थेतील माणसाची दारू सोडविणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, औषधांच्या आधाराने व्हावयास हवे. तरुणांत शिरलेल्या मेफेड्रोनसारख्या रासायनिक द्रव्यांबाबतही हेच. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांच्या मोठ्या कारवाईत या द्रव्याचा साठा सांगलीजवळच्या कुपवाडात सापडला, तेव्हा हे संकट मुंबई-पुण्याचे आहे अशी समजूत करून घेण्यास जागा उरली नाही. येथे अ‍ॅपने करावयाचे काम एकच : जवळचे उपचारकेंद्र कोठे आहे ते दाखविणे.

आणखी एक शंका सुशिक्षित घरांतून हटकून निघते, ती गुप्ततेची. ती रास्त आहे. अ‍ॅपमध्ये लिहिलेली कबुली कोणाकडे साठते, हे लिहिणाऱ्यास बहुधा कळत नाही. शिवाय अशी साधने चालविणाऱ्या कंपन्या म्हणजे काही धर्मशाळा नव्हेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2017 मध्ये व्यसनोपचारासाठी मान्य केलेले 'रीसेट' हे साधन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत असे. ते काढणारी कंपनी 2023 मध्ये दिवाळखोरीत निघाली व साधन दुसऱ्यांच्या हाती गेले. औषधाची बाटली कपाटात राहते. अ‍ॅप एका रात्रीत बंद होऊ शकते. यास्तव नाव, पत्ता व संपर्कातील सर्व माणसांची यादी मागणारे अ‍ॅप टाळावे. ज्याच्या पाठीशी सरकारी यंत्रणा किंवा प्रत्यक्ष जाऊन पाहता येईल अशी संस्था आहे, तेच घ्यावे. मानसिक आरोग्यासाठी 2022 मध्ये सुरू झालेली 'टेलिमानस' ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मिळते व 2024 पासून तिचे अ‍ॅपही आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

घरच्या माणसांचे काय? पत्नीने किंवा आईने नवऱ्याचा अथवा मुलाचा फोन हिसकावून त्यातील नोंदी तपासणे, हा मोह अनावर असतो. पण त्याचा परिणाम ठरलेला. दुसऱ्या दिवसापासून नोंदी खोट्या होतात. आधीच तो खोटे बोलण्यात तरबेज झालेला असतो. एक जागा खरे लिहिण्याची होती, तीही गेली. त्यापेक्षा त्याने होऊन दाखविले तर पाहावे व वाईट आकडा दिसला तरी त्या क्षणी भांडू नये. सांगणे सोपे, पाळणे महाकठीण. ज्या बाईने वीस वर्षे मार व उपासमार सोसली, तिला संयम शिकविणाऱ्याने थोडे जपून बोलावे हेच बरे.

तलफ ही लाटेसारखी असते. चढते, माथ्यावर येते व बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. सगळा प्रश्न त्या अर्ध्या तासाचा. यासाठी केंद्रातून घरी निघण्याच्या दिवशीच, समुपदेशकासमोर, पत्नीस वा भावास जवळ बसवून, फोनची मांडणी करून घ्यावी. पिण्याच्या बैठकी जेथून ठरत ते गट काढून टाकावेत. सायंकाळी पावणेसातचा गजर लावावा. त्या वेळी ज्यांस फोन करावयाचा अशा तिघांची नावे पडद्यावर सर्वांत वर आणावीत : एक केंद्रातला समुपदेशक, एक स्वतः दारू सोडलेला मनुष्य, आणि एक घरचे असे कोणी, की जे 'पुन्हा आठवण झाली का रे?' असे न विचारता 'थांब, मी आलोच' असे म्हणेल. त्या तिघांस आधी विचारून ठेवावे. ज्यास सांगितलेलेच नाही तो सात वाजता फोन उचलीत नाही. जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर वीज जाते, संपर्क तुटतो, आणि दिवसभर वापरलेल्या फोनची बॅटरी नेमकी संध्याकाळीच संपत आलेली असते. म्हणून तेच तीन क्रमांक एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो कागद एस.टी. च्या पासाबरोबर पाकिटात ठेवावा.